बेळगाव-खानापूरकडून सफारीला आणि पक्षी बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक या भागातली माणसं मला जे प्रश्न सारखे विचारतात ते एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न जसे आले तसे घेतलेत, क्रम बघू नका. तिकीट, जीपचे दर आणि गेटच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या दर सीझनला बदलतात, निघायच्या आधी वनखात्याला फोन करून किंवा त्यांच्या बुकिंगच्या साईटवर बघून घ्या.

सफारी म्हटलं की सगळे ताडोबा नाहीतर कबिनी म्हणतात. आपल्याजवळ काहीच नाही का?

आहे की, आणि भरपूर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आपल्याच लोकांसाठी असावं असं वाटतं कधीकधी. बेळगावहून खानापूर, रामनगरमार्गे गणेशगुडी-दांडेली दोन-अडीच तासांत येतंय, तिथं काळी व्याघ्र प्रकल्प आहे. खानापूर तालुक्यातच भीमगड अभयारण्य आहे. अनमोड घाट उतरला की गोव्यातलं मोलेम. आणि पूर्वेला सपाट मुलुखात गेलात की गोकाक तालुक्यात घटप्रभा पक्षी अभयारण्य, त्याच्या पुढे बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळीचं चिंकारा अभयारण्य, गदगकडे मागडीचं तळं. एका बाजूला सह्याद्रीचं दाट रान आणि दुसऱ्या बाजूला उघडं माळरान आणि तळी, दोन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारखं असलेलं गाव शोधून बघा किती सापडतंय.

दांडेलीत वाघ दिसतो का? खरं खरं सांगा.

खरं सांगायचं तर वाघासाठी म्हणून जाऊ नका. वाघ आहेत, 2007 मध्ये दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे 2015 मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं, पण हे रान दाट आणि ओलं आहे. ताडोबात पानगळीनंतर झाडीतून लांबपर्यंत नजर जाते, इथं रस्त्याच्या कडेला दहा पावलांवर जनावर उभं असलं तरी कळत नाही. वाघ तुम्हाला बघतो, तुम्ही वाघाला बघत नाही, असंच समजा. काळा बिबट्याही याच जंगलात आहे आणि त्याचं नाव ऐकून बरेच जण येतात, तोही नशिबाचा भाग.

कुणी रिसॉर्टवाला फोनवर नक्की दाखवतो म्हणाला तर तिथंच समजून घ्या. ज्याला फक्त वाघच बघायचाय त्यानं सरळ मध्य प्रदेश किंवा विदर्भ गाठावा, 2022 च्या गणनेत मध्य प्रदेशात 785 आणि कर्नाटकात 563 वाघ होते, पण आपल्या कर्नाटकातले बरेचसे नागरहोळे-बंडीपूरच्या बाजूला आहेत.

मग तिथं जाऊन बघायचं काय?

गवा. सांबर, चितळ, भेकर, रानडुक्कर, शेकरू, कोळसून म्हणजे रानकुत्री, नशीब असेल तर अस्वल. गव्याचा कळप पहिल्यांदा जवळून बघितला की माणूस गप्प होतो. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, अंग काळं कुळकुळीत आणि चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि तो मान वर करून नाकातून फुर्रर आवाज काढत तुमच्याकडे नुसता बघत राहतो, हलत नाही. जीपचं इंजिन बंद असेल तर त्याच्या अंगावरच्या माश्या उडाल्याचाही आवाज येतो.

आणि कान उघडे ठेवा. सांबर किंवा भेकर अचानक ओरडायला लागलं, वर झाडावर वानरं खाकरायला लागली, तर जवळपास बिबट्या नाहीतर वाघ चाललाय असा अंदाज धरतात. चांगला ड्रायव्हर तिथं गाडी बंद करून थांबतो. अशा वेळी मागच्या सीटवर बसून चिप्सचं पाकीट फोडू नका, एवढीच विनंती.

धनेश बघायचाय. कुठे आणि कधी?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे कारण माझा जीव त्यात आहे.

काळीच्या खोऱ्यात धनेशाच्या, म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीच्या हॉर्नबिलच्या, चार जाती दिसतात. महाधनेश, म्हणजे डोक्यावर पिवळं टोप असलेला सगळ्यात मोठा. मलबारी कवड्या धनेश, काळा-पांढरा, याला कोकणात ककणेर म्हणतात. मलबारी राखी धनेश, जो माणूस खदाखदा हसल्यासारखा ओरडतो. आणि आपला साधा राखी धनेश, जो गावाजवळच्या वड-पिंपळावरही येतो. कवड्या धनेश बघायला दांडेली गाव सगळ्यात सोपं, सकाळी लवकर तिथल्या टिंबर डेपोजवळ, नदीकाठी थांबायचं, थवेच्या थवे ये-जा करतात. महाधनेशासाठी गणेशगुडीकडे नाहीतर अणशीकडे दाट रानात जायला लागतंय. उडताना त्याच्या पंखांचा घुम्म घुम्म असा आवाज लांबून येतो, आधी आवाज आणि मग पक्षी.

कधी? जानेवारी ते मे हा यांचा विणीचा काळ. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून विष्ठा, फळांचा लगदा असं काहीबाही लावून ढोलीचं तोंड बुजवून टाकते, फक्त एक उभी फट ठेवते. पुढचे तीन-साडेतीन महिने ती आतच. नर बाहेरून आणून भरवतो. फटीसमोर खोडाला पंजे रोवून बसतो, मान जराशी झटकतो आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून चोचीच्या टोकावर धरतो, आतून दुसऱ्या चोचीचं टोक येतं आणि फळ उचलून घेतं, मग परत झटका, परत एक. उंबर, वडाची फळं, काजऱ्याची फळंसुद्धा, ज्याची बी विषारी असते त्याचा गर हे खातात आणि बिया लांब जाऊन टाकतात. त्या बियांतून रान वाढतं.

आता बघा, हा नर जर माणसांना घाबरून दिवसभर ढोलीकडे आलाच नाही तर आतली मादी आणि पिल्लं दोन्ही उपाशी. म्हणून घरट्याचं झाड कुणी दाखवलं तरी जवळ जायचं नाही, खाली उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, आणि त्या झाडाचं लोकेशन फोटोबरोबर कुठंही टाकायचं नाही. लांबून झाडाआडून थोडा वेळ बघा आणि निघा. 2011 मध्ये काळी नदीकाठचा पट्टा खास धनेशांसाठी राखीव म्हणून जाहीर झालाय, ते उगीच नाही.

भीमगडला काय आहे? आणि ती वटवाघळांची गुहा बघायला मिळते का?

भीमगड अभयारण्य 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटर. आत शिवाजी महाराजांच्या काळातला भीमगड किल्ला आहे, हेम्मडगा, तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर, देगाव, आमगाव ही आपलीच मराठी बोलणारी गावं याच पट्ट्यातली. म्हादई देगावजवळ उगम पावते आणि मलप्रभा कणकुंबीला. एक नदी पश्चिमेला गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते, दुसरी पूर्वेला जाऊन कृष्णेला. दोन्ही एकाच तालुक्यातल्या.

गुहा म्हणजे बारापेडेची. तिथं राहणारं रॉटनचं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्राला कळलं आणि कितीतरी वर्षं जगात फक्त याच एका ठिकाणचं म्हणून माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. नाही, ती गुहा बघायला जायची नाही. वटवाघळांना एकदा दचकवलं की ती जागा सोडूनसुद्धा जाऊ शकतात, त्यामुळे परवानगीशिवाय तिकडं वळूच नका, आणि कुणी वाटाड्या हजार-पाचशेत दाखवतो म्हणाला तरी नको.

बाकी भीमगड म्हणजे दांडेलीसारखी रांगेनं जीप लागणारी जागा नाही. हेम्मडग्याला वनखात्याचा निसर्ग कॅम्प आहे, आत कुठं जाता येतं, कुठं नाही, हे तिथं नाहीतर खानापूरच्या वनखात्याच्या ऑफिसात विचारून मगच जायचं. पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला बंदी घालतात, तेव्हा व्हिडिओ बघून गाडी काढू नका.

जंगल, चढ, घाट झेपत नाही. सपाट जागी बसून पक्षी बघता येतील असं काही?

धुपदाळ. डोळे झाकून धुपदाळ.

घटप्रभा नदीवर 1897 मध्ये बांधलेला जुना बंधारा, त्याच्या मागे पसरलेलं उथळ पाणी, मधे बेटं, काठाला ऊस. वर सांगितलेलं घटप्रभा पक्षी अभयारण्य ते हेच, 1974 पासूनचं, जवळजवळ 30 चौरस किलोमीटर. बेळगावहून गाडीनं दीडेक तास, आणि मिरज-लोंढा लाईनवरचं घटप्रभा स्टेशन अगदी जवळ आहे त्यामुळे गाडी नसली तरी रेल्वेनं उतरून रिक्षा करून जाता येतं. कोल्हापूर-मिरजकडच्या पाहुण्यांनापण हेच सोयीचं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जायचं. मुख्य पाहुणा म्हणजे कांड्या करकोचा, मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. राखी अंग, काळी मान आणि डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा झुबका. सकाळी हे हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या रानात चरायला जातात आणि ऊन वर आलं की पाण्याकडे परततात. आधी आकाशात लांबवर कर्र कर्र ऐकू येतं, मग रेघ दिसते, मग रेघेचे ठिपके, आणि ते गोल गोल घिरट्या घालत पाय खाली सोडून उथळ पाण्यात उतरतात. दर वर्षी सारखेच येतात असं नाही, पाऊस आणि पाण्याची पातळी कशी आहे त्यावर असतं. पाणी फार भरलेलं असेल तर त्यांना उभं राहायला जागाच मिळत नाही.

त्याशिवाय पांढरा बलाक, चित्रबलाक, उघडचोच बलाक, चमचा, शराटी, चक्रवाक, पाणकावळे, नदीसुरय. काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो, मुलांना हे सगळ्यात आवडतं. येताना गोकाकचा धबधबा बघून या, पण डिसेंबर-जानेवारीत त्याला पाणी कमी असतं.

मागडीचं नाव ऐकलंय, एवढ्या लांब जाण्यासारखं आहे?

आहे. गदगपासून 25 किलोमीटरच्या आसपास, बेळगावहून तीन-साडेतीन तास. पट्टकादंब हंस बघायचे असतील तर आपल्या बाजूला यासारखी जागा नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे, यावरून नाव. मंगोलिया-तिबेटकडून येतात आणि हिमालय ओलांडताना 7 हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे, एवढ्या विरळ हवेत ऑक्सिजन धरून ठेवण्याची त्यांच्या रक्ताची ताकदच वेगळी. रात्री आजूबाजूच्या शेतात चरतात आणि दिवसा तळ्यावर येऊन विश्रांती घेतात, म्हणून भल्या पहाटे पोचलात तर थवे उतरताना सापडतात. कुणाच्या गळ्यात रंगीत पट्टी आणि त्यावर अक्षरं दिसली तर फोटो काढून ठेवा, मंगोलियात संशोधकांनी घातलेली असू शकते. 2024 मध्ये मागडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळालाय.

तिथल्या शेतकऱ्यांचं पीक हे पक्षी खातात आणि तरी तिथली माणसं त्यांना हाकलून मारत नाहीत, हे लक्षात ठेवून त्यांच्या बांधावरून नीट चाला.

काळवीट कुठे दिसतील?

राणेबेन्नूर, हावेरी जिल्हा. 119 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1974 पासून. लांडगापण आहे. चिंकारा बघायचं असेल तर यडहळ्ळी, 2016 मध्ये जाहीर झालं, चिंकाऱ्यासाठीचं कर्नाटकातलं पहिलं. दोन्हीकडे सकाळी लवकर, उन्हाच्या आत.

भुतरामहट्टीला मुलांना नेलं होतं, सिंह-वाघ बघितले. तीपण सफारीच ना?

ते प्राणीसंग्रहालय. लहान मुलांना जनावर केवढं असतं हे कळायला चांगलं आहे, जरूर न्या. पण रानातली सफारी म्हणजे जनावर स्वतःच्या मर्जीनं समोर येणं, दोन्हीची तुलना नको.

वर्षातला कुठला महिना चांगला?

पाण्यावरचे पक्षी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दाट रानातले पक्षी: नोव्हेंबर ते मे, त्यात धनेश जानेवारीनंतर. जनावरं: मार्च ते मे, कारण पाणवठे आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात, उकाडा मात्र सोसायला लागतो. पावसाळ्यात सफारी बहुतेक बंद किंवा अनिश्चित. जूनच्या तोंडावर नवरंग पक्षी ओरडायला लागतो, तो ऐकायला खानापूरच्या बाजूच्या रानात गेलात तरी पुरे.

काझीरंगा, चितवन असली सपाटीवरची मोठी पार्कं करायची आहेत. आपल्याकडच्यापेक्षा काय वेगळं?

सगळंच. आपण घाटातली माणसं, आपल्याला जंगल म्हणजे डोंगर आणि झाडी. आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठचं काझीरंगा किंवा हिमालयाच्या पायथ्याची तराई, जिथं नेपाळचं चितवन आहे, म्हणजे गवताचा समुद्र. हत्तीगवत दोन-तीन पुरुष उंच वाढतं आणि त्यात गेंड्यासारखं जनावर बुडून जातं, नुसतं गवत हलताना दिसतं. म्हणून तिथं महिना निवडणं जास्त महत्त्वाचं. चितवनला हिवाळ्यात गवत कापतात, जाळतात, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल नजर लांब जाते. डिसेंबरात सकाळी धुकं एवढं असतं की दहा वाजेपर्यंत समोरचं दिसत नाही, थंडीचे कपडे घेऊन जा, आपल्या बेळगावच्या थंडीवर जाऊ नका. काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं, पूर येतो आणि जनावरं कार्बी टेकड्यांकडे चढतात.

काझीरंग्यात 2022 च्या मोजणीत 2,613 एकशिंगी गेंडे होते, त्यामुळे गेंडा दिसेल का ही काळजी नको. कोहोरा आणि बागोरी या भागांत गर्दी असते, पक्ष्यांसाठी पूर्वेकडचा अगराटोली घ्या. गुवाहाटीहून रस्त्यानं चार-पाच तास धरा.

चितवन नेपाळात, 1973 मध्ये झालेलं त्या देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, साडेपाचशेच्या आसपास पक्ष्यांच्या जाती. राहायला पार्काला लागून असलेलं सौराहा गाव. तिथली मजा म्हणजे नुसती जीप नाही, राप्ती नदीत लाकडाच्या अरुंद होडीतून जायचं, काठावर वाळूत सुसरी आणि मगरी ऊन खात पडलेल्या, आणि परवानाधारक गाईडबरोबर पायी रानातपण जाता येतं. पायी जाताना गाईड सुरुवातीलाच सांगतो, गेंडा अंगावर आला तर झाडावर चढा नाहीतर वाकडंतिकडं पळा. ते मनावर घ्या. गुडघे दुखत असतील तर पायी सफारी सोडून द्या, होडी आणि जीप पुरेशी आहे.

नेपाळला व्हिसा लागत नाही पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर विसंबून एअरपोर्टला जाऊ नका. आणि तिकीट काढताना सांभाळा, चितवनजवळच्या शहराचं नाव भरतपूर आहे, राजस्थानातलं भरतपूर वेगळं.

राजस्थानच्या भरतपूरला रेल्वेनं जाता येतं का?

छान जाता येतं. आपल्या बेळगाव स्टेशनवरून गोवा एक्सप्रेसनं मथुरेला उतरायचं, तिथून भरतपूर 40 किलोमीटरच्या आतच. तिथलं केवलादेव हे फक्त 29 चौरस किलोमीटरचं पार्क, सगळं सपाट. आत सायकल रिक्षा मिळतात आणि चालवणाऱ्यांपैकी बरेच जण इतकी वर्षं पक्षी दाखवतायत की तेच गाईड. आवाज नाही, धूर नाही, पाय दुखत नाहीत. आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर माझं पहिलं मत याच जागेला. इथं पूर्वी सायबेरियन क्रौंच यायचे, 2002 नंतर आलेले नाहीत.

दुर्बीण कुठली घ्यायची? ऑनलाईन हजार रुपयांत 90 पट दाखवणारी मिळतेय.

ती घेऊ नका. एवढी मोठी पट हातात धरून बघताच येत नाही, नुसतं थरथरतं. 8 बाय 42 लिहिलेली घ्या, 8 म्हणजे पट आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, भिंग मोठं असलं की पहाटेच्या कमी उजेडातही नीट दिसतं. तळ्यावरच जास्त जाणार असाल तर 10 बाय 42 चालेल. पैसे कमी असतील तर मित्रांत एक घेऊन फिरवा, पण चांगली घ्या.

एकही पक्षी ओळखता येत नाही. सुरुवात कुठून?

घरापासून. भारद्वाज, टिटवी, सातभाई, कोतवाल, हळद्या, तांबट, सुभग, खंड्या हे सगळे बेळगाव शहरात आहेत. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो, किल्ला तलाव, कणबर्गीचं तळं, राकसकोपचं पाणी. रोज सकाळी अर्धा तास एकाच जागी जा, जागा बदलू नका. आकार आधी बघा, मग चोच, मग बसण्या-चालण्याची पद्धत, रंग शेवटी, कारण सकाळच्या तिरप्या उजेडात रंग फसवतो.

मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, त्यात भारताचा पॅक आधीच डाऊनलोड करून ठेवा म्हणजे रेंज नसली तरी चालतं, आवाज ऐकून नाव सुचवतं. सुचवतं एवढंच, ते म्हणालं म्हणून खरं धरू नका, डोळ्यानं बघा. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साईटवर टाका. आपल्या भागातल्या तळ्यांच्या नोंदी फार कमी आहेत आणि उद्या एखाद्या तळ्यात कुणी भराव टाकायला लागलं तर तिथं काय काय येत होतं हे सांगायला लेखी काहीतरी हातात असतं.

कपडे, खाणं?

मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पांढरा आणि भडक लाल नको. सेंट नको. खाणं घरून न्या, दशमी-चटणी सगळ्यात बेस्ट, कागदात गुंडाळलेली आणि कुरकुर न वाजणारी. प्लास्टिक परत घरी.

गोचीड, जळवा, साप यांची भीती वाटते.

जळवांची भीती नको, पावसाळ्यात लागतात, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटतात, पॅन्ट मोज्यात खोचा. गोचिडीचं मात्र मनावर घ्या. डिसेंबर ते मे या दिवसांत माकडताप पसरवणारी गोचीड रानात असते, हा आजार 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला आणि आता कारवार जिल्हा, गोव्याचा सत्तरी, दोडामार्ग या आपल्या शेजारच्या भागातपण त्याचे रुग्ण सापडलेत. रानात पालापाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे वेगळे धुवा. आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरना रानात गेलो होतो हे आपणहून सांगा, नाहीतर ते साधा व्हायरल धरतात.

साप आपणहून येत नाहीत. रात्री टॉर्च, पायात बूट, आणि झुडपात हात घालायचा नाही, हिरवा चापडा पानांत असा बसतो की कळत नाही.

रस्त्यात गवा किंवा हत्ती आडवा आला तर?

थांबा. लांबच थांबा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न नको, हेडलाईट डोळ्यांवर मारू नका, खाली तर अजिबात उतरू नका. गवा बहुतेक वेळा स्वतःहून जातो. एक गेला म्हणून लगेच गाडी काढू नका, मागून कळप असतो आणि मधे पिल्लू. हत्तीच्या बाबतीत गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा. खानापूर-चंदगड-दोडामार्ग या भागात हत्ती भातात, उसात येतात, 2002 मध्ये दांडेलीकडचे हत्ती सिंधुदुर्गात उतरले तेव्हापासून ही वाट त्यांची झालीय. शेतकऱ्याचं नुकसान होतं ते खरंच होतं, त्याची भरपाई वेळेवर मिळायलाच पाहिजे, पण गावात हत्ती आला म्हणून मोबाईल घेऊन त्याच्या मागे धावणारी पोरं बघितली की छातीत धडकी भरते.

फोटोसाठी पक्ष्याचा आवाज मोबाईलवर लावला तर चालतो का?

नाही. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, तो सगळं सोडून भांडायला येतो, घरटं उघडं पडतं. फ्लॅशही नको, घुबड आणि बेडूकतोंड्या (फ्रॉगमाउथ) या रात्रीच्या पक्ष्यांना तर बिलकुल नको. ड्रोन अभयारण्यात परवानगीशिवाय उडवायचा नाही. फोटोच पाहिजेत तर गणेशगुडीच्या ओल्ड मॅगझिन हाऊसला जा, तिथं पक्ष्यांसाठी पाण्याची छोटी भांडी ठेवलेली असतात, समोर गप्प बसून राहिलं की पक्षी स्वतःहून अंघोळीला येतात. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर.

आम्हाला कानडी येत नाही, अडचण होईल का?

दांडेली-जोयडा भागात मराठी, कोकणी, हिंदी सगळं चालतं. गदग-हावेरीकडे कानडी लागतं पण अण्णा म्हणून दोन शब्द तोडकेमोडके बोललात तरी माणसं घरात बोलावून चहा देतात. गार्ड आणि वॉचर लोकांशी आदरानं बोला. पहाटेपासून रात्रीपर्यंत रानात तेच असतात, आणि काल गव्यांचा कळप कुठं उतरला होता हे ॲपला नाही, त्यांना माहीत असतं.

लहान मुलांना कितव्या वर्षापासून न्यावं?

तळ्यावर कधीही न्या. जीपमधे अडीच तास गप्प बसायला साधारण सात-आठ वर्षांचं तरी पाहिजे, त्याआधी त्याचेही हाल आणि बाकीच्यांचेही. निघण्याआधी वाघ दाखवतो म्हणून कबूल करू नका. त्याच्या हातात एक वही द्या, जे दिसेल ते काढायला सांगा, शेकरूची शेपूट, गव्याचे मोजे, मुंग्यांचं वारूळ. दुर्बीण त्याच्याही गळ्यात एकदा घाला, आणि पट्टा आधी त्याच्या मापाचा करून द्या.